काँक्रीटच्या भिंतीवर भोक न पाडता केबल बसवणे: आधी गळलेली क्लिप उलटी करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर भाड्याचे आहे, भिंती काँक्रीटच्या आहेत आणि भोके पाडायला घरमालकांची परवानगी नाही. राउटरपासून दुसऱ्या खोलीतल्या टेबलापर्यंत सुमारे 12 मीटर नेटवर्कची केबल न्यायची आहे. विचारणाऱ्यांनी मागे चिकट गादी असलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा लावून पाहिल्या. पहिल्या दिवशी काम झकास दिसत होते, पण तिसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्याअधिक क्लिपा भिंत सोडून केबललाच लोंबकळत होत्या. तेव्हा याहून जोरदार गोंद कोणता, असे त्यांनी विचारले आहे. त्याच मार्गाने दिव्याची एक्स्टेन्शन वायरही नेली तर चालेल का, असाही एक जोडप्रश्न आहे.

इमारतींमधल्या वायरिंगची आणि नेटवर्कची कामे मी बरीच वर्षे करतो आहे, आणि हा प्रश्न मला जवळजवळ नेहमी याच शब्दांत विचारला जातो: अधिक जोरदार गोंद. माझ्या अनुभवात गोंद कमी पडल्यामुळे गळालेली केबल फार क्वचित पाहायला मिळते. थोडा हिशेब करून पाहू. नेहमीच्या कॅट 6 केबलचे (घरात-कार्यालयात नेटवर्कसाठी रूढ असलेल्या प्रकाराचे) वजन मीटरमागे साधारण 45 ग्रॅम असते, म्हणजे तुमच्या 12 मीटरचे जेमतेम अर्धा किलो. दर 20 सेंटिमीटरला एक क्लिप धरली तर साठ क्लिपा लागतील आणि प्रत्येकीच्या वाट्याला नऊ ग्रॅम येतील. चांगल्या प्रतीच्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या स्पंजासारख्या जाड टेपसाठी, कायमचे एक किलो वजन पेलायला सुमारे 55 चौरस सेंटिमीटर टेप घ्यावी, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने दोन सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद गादीने 70 ग्रॅम सहज पेलायला हवेत. म्हणजे गरजेच्या सात-आठ पट ताकद हातात असूनही क्लिपा पडतात. याचा अर्थ त्यांना पाडणारी गोष्ट वजन नाही.

पाडणारी गोष्ट आहे केबलचा ताठपणा. केबल कारखान्यातून गुंडाळीत येते आणि ते वेटोळे तिच्या अंगात मुरलेले असते. आपण ती भिंतीवर सरळ बसवली तरी ती रात्रंदिवस पुन्हा वाकायचा प्रयत्न करत असते, आणि तसे करताना क्लिपेची एक कड भिंतीपासून उचलत राहते. पुस्तकावर चिकटलेले लेबल तळहाताने रेटून सरकवायला गेलात तर ते हलत नाही, पण त्याच्या कोपऱ्याखाली नख गेले की सबंध लेबल सोलून निघते. कोणत्याही चिकट टेपचे असेच आहे. भिंतीला समांतर ओढ ती जोमाने सोसते, कडेने सुरू झालेली सोलवण मात्र तिला सोसत नाही. म्हणून "किती चिकट?" या प्रश्नाऐवजी मी दोन प्रश्न विचारतो: सोलवण कुठून सुरू होते आहे, आणि भिंतीचा कोणता थर सर्वांत कच्चा आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या गळलेल्या क्लिपांच्या पाठीवर लिहिलेले आहे. त्या फेकून दिल्या नसतील तर एकेक उजेडात धरून पाहा. गादीवर पांढरी, पिठासारखी भुकटी दिसत असेल आणि बोट फिरवल्यावर चिकटपणा अजिबात लागत नसेल, तर गोंद भिंतीला कधी चिकटलाच नव्हता. तो वरच्या धुळीला किंवा भुकटी सोडणाऱ्या स्वस्त रंगाला चिकटला होता. रंगाचा अखंड पापुद्रा आणि त्यामागे पुट्टीचा पातळ थर निघून आला असेल, तर गोंदाने आपले काम चोख केले आहे आणि कच्चा थर रंगाखाली आहे. अशा भिंतीवर अधिक जोरदार गोंद लावलात तर अधिक मोठा पापुद्रा निघेल, एवढाच फरक पडेल. गादी स्वच्छ आणि अजून चिकट असेल, पण फक्त मध्यभागी दोन-चार ठिपक्यांवर भिंतीचा मागमूस असेल, तर भिंत खडबडीत आहे आणि गादी तिच्या उंचवट्यांवरच टेकलेली होती. गादी भिंतीवर राहून प्लास्टिक तेवढे सुटले असेल, तर दोष क्लिपेचा आहे, कारण पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकना बहुतेक गोंद धरत नाहीत. आणि दोन्हीकडे गोंदाचे ओढलेले, केसासारखे तंतू दिसत असतील, तर गोंद उन्हाने किंवा उष्णतेने मऊ पडला होता. ही पाहणी पाच मिनिटांची आहे, आणि ती केल्याशिवाय मी स्वतः कोणत्याही कामाला कोणताही गोंद सुचवत नाही.

आता भिंतीकडे वळू. आपण जिला काँक्रीटची भिंत म्हणतो, तिचा पृष्ठभाग बहुधा काँक्रीटचा नसतो. आत काँक्रीट, त्यावर कधी गिलावा, मग पुट्टी, मग प्रायमर असलाच तर प्रायमर आणि वर रंगाचे दोन-तीन हात, अशी उतरंड असते. तुम्ही क्लिप चिकटवता ती सर्वांत वरच्या हाताला, आणि तो खालच्या थराला किती घट्ट धरून आहे यावर सगळे अवलंबून असते. म्हणून तीन सोप्या चाचण्या करून घ्या. पहिली टेपची: साधी मास्किंग टेप बोटभर लांब चिकटवा, नखाने घासून दाबा आणि झटक्यात ओढा. टेपेवर भुकटी आली तर पृष्ठभाग गोंद धरत नाही, पापुद्रा आला तर रंगच भिंतीला धरून नाही, आणि काहीच आले नाही तर पुढे जायला हरकत नाही. दुसरी पाण्याच्या थेंबाची. ही रंग नसलेल्या उघड्या काँक्रीटसाठी आहे. थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळ्यांना, लावलेले तेल पृष्ठभागावर उरलेले असण्याची शक्यता आहे आणि ते काढल्याशिवाय काहीही चिकटणार नाही. थेंब चटकन शोषला गेला तर भिंत सच्छिद्र आहे आणि तिला आधी प्रायमर पाजावा लागेल. तिसरी ओलीची: जाड, पारदर्शक प्लास्टिकचा अर्ध्या मीटरचा चौकोन चारही कडांनी टेपने बंद करून किमान 16 तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले किंवा खालची भिंत गडद दिसली, तर भिंतीतून ओल येते आहे. अशा भिंतीवर चिकटवण्याचा नाद सोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे. वर कितीही उत्तम गोंद लावला तरी मागून येणारा ओलावा आणि त्याबरोबर येणारे क्षार त्याला आतून सोडवत राहतात.

इथून पुढचे काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे. केबल सहा महिने राहायची आहे की सहा वर्षे, भिंतीवर दुपारचे ऊन येते का, काढताना रंगाला थोडा ओरखडा गेलेला चालेल का, आणि केबलला माणसांचा हात किंवा झाडूचा धक्का लागेल का, या चार गोष्टी मला माहीत नाहीत. भाड्याचे घर आहे म्हणजे काढता येणे महत्त्वाचे, हे गृहीत धरून मी लिहितो आहे. एक सावधगिरी मात्र घ्या. भोके न पाडण्याची अट पाळली म्हणजे भिंतीचे नुकसान टळलेच असे नाही. घर सोडताना गोंदाबरोबर निघालेला तळहाताएवढा रंगाचा तुकडा भोकापेक्षा अधिक डोळ्यांत भरतो. सहा मिलिमीटरचे भोक पुट्टीने दहा मिनिटांत बुजते, पण सोललेल्या रंगाची भरपाई करायला कधीकधी सबंध भिंत रंगवावी लागते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका कार्यालयात हौसेने दोन भागांचे इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव्ये मिसळून वापरायचा कडक गोंद, वापरून केबलचे ठोकळे बसवले होते. ते पडले नाहीत. वर्षभराने जागा बदलताना प्रत्येक ठोकळ्याबरोबर गिलाव्याची एकेक खपली निघाली आणि ती भिंत मला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावी लागली.

पृष्ठभागाची तयारी हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम आहे. रंगवलेली, टेपच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली भिंत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून स्वच्छ फडक्याने पुसा. फडके एकाच दिशेने फिरवा आणि दर काही हातांनंतर त्याची बाजू बदला, नाहीतर एका जागेची धूळ दुसऱ्या जागी सारवली जाते. आधी कोपऱ्यात थोडेसे पुसून रंग सुटत नाही ना, हे पाहून घ्या. सुवासिक घरगुती स्प्रे वापरू नका. त्यांचा चकाकी देणारा अंश मागे राहतो आणि तोच गोंदाचा शत्रू ठरतो. नवा रंग असेल तर निदान आठवडाभर थांबा, कारण हाताला कोरडा लागणारा रंग आतून अजून पक्का झालेला नसतो. उघडे काँक्रीट असेल तर 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने क्लिपेच्या जागेपुरते घासा, म्हणजे वरची सिमेंटची कच्ची साय निघून जाईल. घासताना नाकावर धूळ अडवणारा चांगला मास्क असू द्या. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. नंतर व्हॅक्यूमने किंवा ब्रशने धूळ काढा, ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सच्छिद्र भिंतीला ॲक्रिलिक प्रायमरचा एक पातळ हात द्या. फक्त क्लिपेच्या जागी, टिकलीएवढ्या ठिपक्यांत दिलात तरी पुरते.

तितकीच तयारी केबलची करावी लागते, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. गुंडाळीच्या कडेने केबल ओढून काढली की प्रत्येक वेढ्यागणिक तिला एक पीळ बसतो. त्याऐवजी गुंडाळी चाकासारखी फिरवत केबल मोकळी करा, मग ती जमिनीवर लांब पसरून रात्रभर पडू द्या. गारठ्यात पीव्हीसीचे आवरण ताठ होते, म्हणून हे काम उबदार खोलीत करा. बसवण्यापूर्वी केबल दोन्ही हातांच्या चिमटीतून उलट्या वाकाने हळूहळू ओढून काढा. चिमटीत वेटोळ्याचा उंचवटा हाताला लागतो. तो लागेनासा होईपर्यंत दोन-तीनदा करा. टेबलावर सोडल्यावर जी केबल आपोआप सरळ पडून राहते, ती भिंतीवरही राहते. मी तर असे म्हणेन की तुमच्या क्लिपा बदलायच्या आधी केबल बदलता येते का ते पाहा. चपटी नेटवर्क केबल 12 मीटरच्या अंतराला घरगुती वापरासाठी पुरेशी असते, तिला वेटोळ्याची सवय फार कमी असते आणि ती भिंतीला अंगासरशी बसते. तिच्या तारा बारीक असतात, म्हणून तिच्यातूनच एखाद्या उपकरणाला वीजपुरवठाही करायचा असेल तर मात्र नेहमीची गोल केबलच घ्या.

आता गोंदांबद्दल. रंगवलेल्या, बऱ्यापैकी गुळगुळीत भिंतीसाठी माझी पहिली पसंती ॲक्रिलिक फोम टेपला आहे, आणि काढण्याची खात्री हवी असेल तर ताणून काढता येणाऱ्या चिकट पट्ट्यांना. फोमची जाडी महत्त्वाची आहे: गुळगुळीत भिंतीला एक मिलिमीटर पुरतो, शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीला दोन लागतात, कारण फोमने खळग्यांत उतरायला हवे. या टेपला दाब लागतो. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो धरा, म्हणजे तुमच्या क्लिपेवर चार किलोचा दाब अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद द्यायचा. आणि तिला वेळ लागतो. सामान्य तापमानाला वीस मिनिटांत निम्मी ताकद येते, 24 तासांत सुमारे नव्वद टक्के आणि पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात. तुमच्या बाबतीत नेमके इथेच घोडे पेंड खात असावे, असा माझा दाट संशय आहे. तुम्ही क्लिप चिकटवली आणि लगेच तीत केबल दाबली. म्हणजे निम्म्या ताकदीच्या गोंदावर पहिल्याच तासात सोलवणीचा ताण आला. म्हणून क्लिप अशी निवडा की जिची बैठक आधी भिंतीवर एकटी बसवता येईल आणि केबल दुसऱ्या दिवशी तीत अडकवता येईल.

उघड्या, खडबडीत काँक्रीटवर टेप फारशी चालत नाही. तिथे नळीत मिळणारा बांधकामाचा गोंद घ्यावा, शक्यतो पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड पॉलिमर जातीचा. तो खळगे भरतो आणि वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो. तो हवेतल्या आर्द्रतेने पक्का होतो, म्हणून थापी मारून सबंध पृष्ठभाग झाकू नका आणि कडेने बंद चौकटही काढू नका. मध्ये हवा जाईल अशा उभ्या रेघा काढा. गोंद ओला असेपर्यंत क्लिप घसरू नये म्हणून वरून मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा. सिलिकॉन वापरायचेच असेल तर न्यूट्रल प्रकारचे घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे या दोघांची प्रक्रिया ऐन सांध्यात होते आणि पकड सुटते. शिवाय ते आम्ल उघड्या तांब्यालाही खाते.

ग्लू गन सर्वांना प्रिय असते आणि माझ्याही पेटीत ती आहे, पण तात्पुरत्या कामासाठी. थंड काँक्रीटला लागताच गरम गोंदाची साय धरते आणि तो भिंतीच्या छिद्रांत शिरायच्या आत थिजतो. उन्हाच्या भिंतीवर तोच पुन्हा मऊ पडतो. जास्त तापमानाच्या गनमधून तो जवळपास 190 अंशांना बाहेर येतो, तर सर्वसाधारण पीव्हीसी आवरण 70 अंशांसाठी बनवलेले असते, म्हणून गरम थेंब थेट केबलवर सोडू नये. झटपट चिकटणारा, थेंबाथेंबाने वापरायचा सुपरग्लू सच्छिद्र भिंतीत शोषला जातो, ठिसूळ असतो आणि फट भरत नाही. तो विसरून जा. दुहेरी टेप थेट केबलच्या अंगाला लावण्याचा मोहही टाळा. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि टेपच्या गोंदात शिरून त्याचा चिकट लगदा करते. वर्षभराने अशी केबल हातात घेतली तर बोटे चिकट होतात आणि टेप मात्र सुटलेली असते.

लांब, सरळ टप्प्यांसाठी सुट्या क्लिपांपेक्षा केसिंग पट्टी, म्हणजे आत केबल ठेवून झाकण लावायची प्लास्टिकची पोकळ पट्टी, मला जास्त विश्वासाची वाटते. कारण केबलचा ताठपणा तिच्या आतच जिरतो आणि गोंदावर येणारा ताण सबंध लांबीवर वाटला जातो. पट्टीच्या पाठीवर कारखान्यातून आलेला पातळ फोम बहुतेक वेळा निकृष्ट असतो. खडबडीत भिंतीवर तो सोलून काढून वर सांगितलेल्या गोंदाच्या रेघा द्या. पट्टी आतून निम्म्यापेक्षा कमी भरा, नाहीतर झाकण उडत राहते. दोन तुकड्यांच्या सांध्यात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा, कारण तापमानात 20 अंशांचा फरक पडला की दोन मीटरची पीव्हीसी पट्टी साधारण तेवढीच वाढते किंवा आखडते. काँक्रीट तेवढ्यात अर्धा मिलिमीटरही हलत नाही. फट नसेल तर पट्टी मधोमध फुगून भिंत सोडते, आणि दोष पुन्हा गोंदावर जातो.

अंतरांबद्दल थोडक्यात. स्क्रूने बसवलेल्या क्लिपांसाठी बारीक केबलला आडव्या धावेत 25 आणि उभ्या धावेत 40 सेंटिमीटर हे अंतर रूढ आहे. चिकटवलेल्या क्लिपांना मी ते आडवे 15 ते 20 आणि उभे 25 धरतो. सगळी खुबी वळणांत आहे. वळणाच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटरच्या आत एकेक क्लिप हवी, आणि त्या दोन क्लिपा मी नेहमी मोठ्या गादीच्या घेतो, कारण सोलवण सुरू होते ती तिथून. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी करू नका. कॅट 6 साठी ती सुमारे 25 मिलिमीटर येते. टोकांना, म्हणजे राउटरजवळ आणि टेबलाजवळ, केबलचा छोटा झोल सोडा. टेबल सरकवले की पहिला हिसका झोलाने घ्यावा, क्लिपेने नाही.

एवढे सगळे लिहूनही माझा खरा सल्ला असा की भिंतीला जितके कमी चिकटवाल तितके चांगले. 12 मीटरच्या मार्गात लाकडी स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी फरशीलगत बसवलेली पट्टी), दाराच्या चौकटी, कपाटांच्या पाठी, पडद्याचा दांडा असे बरेच काही वाटेत येते. लाकडी किंवा रंगवलेल्या धातूच्या चौकटीवर तीच चिकट क्लिप काँक्रीटपेक्षा कितीतरी पटींनी टिकते. लोखंडी चौकट असेल तर चुंबकाच्या क्लिपा चालतात. स्कर्टिंग आणि फरशीच्या मधल्या फटीत चपटी केबल बोथट पट्टीने अलगद दाबली तर गोंदाची गरजच पडत नाही. छत आणि जमीन यांच्यात ताणून बसणारा दांडा उभ्या धावेला उत्तम आधार देतो. आधीच्या भाडेकरूंची जुनी भोके भिंतीत असतील तर त्यांत प्लग घालून ती वापरायला बहुधा कुणाची हरकत नसते, तरी विचारून घ्यावे. मात्र गॅसच्या, गरम पाण्याच्या किंवा आग विझवण्याच्या पाइपांना केबल बांधू नका, कितीही सोयीचे दिसत असले तरी.

भोक नको म्हणून खिळ्याच्या क्लिपा ठोकाव्यात, असेही कुणी सुचवतील. गिलाव्यात त्या जातात. चांगल्या काँक्रीटमध्ये मात्र खिळा वाकतो किंवा भोवती रुपयाएवढा टवका उडतो, आणि टवका हे भोकच असते, फक्त वेडेवाकडे. बारूद किंवा गॅसवर चालणाऱ्या खिळे मारण्याच्या यंत्रांनी ड्रिलशिवाय काँक्रीटमध्ये खिळे बसतात हे खरे, पण ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. कडेपासून पुरेसे अंतर राखले नाही तर काँक्रीटचा कोपराच उडतो, आणि आत ताणलेल्या तारा असलेल्या स्लॅबवर तर ते माहितीशिवाय वापरूच नये. भाड्याच्या घरातल्या नेटवर्कच्या केबलसाठी हा विचार मनातही आणू नका.

राहिला एक्स्टेन्शन वायरचा प्रश्न. त्याचे उत्तर नाही असे आहे, आणि कारण चिकटण्याशी संबंधित नाही. एक्स्टेन्शन वायर तात्पुरत्या, मोकळ्या वापरासाठी बनवलेली असते. ती भिंतीवर कायमची बसवली, पट्टीत कोंबली किंवा दाराखालून नेली की ती तापते किंवा चेपते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. कायमची विजेची वायर केवळ गोंदाच्या किंवा केवळ प्लास्टिकच्या आधारावर लटकवणे आगीच्या वेळी जिवावर बेतू शकते. इंग्लंडमध्ये 2005 साली स्टीव्हनेजच्या हॅरो कोर्ट आणि 2010 साली साउथॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स या बहुमजली इमारतींना आग लागली आणि प्रत्येक ठिकाणी दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी प्लास्टिकचे आधार वितळून खाली लोंबलेल्या वायरींत कर्मचारी अडकल्याचे आढळले. ब्रिटनच्या वायरिंग नियमांच्या, म्हणजे बीएस 7671 च्या, 2018 च्या आवृत्तीने तर इमारतीत सर्वत्रच केबल्सना आगीत अकाली कोसळणार नाहीत असे आधार देणे बंधनकारक केले. हे नियम नेटवर्कच्या केबललाही लागू होतात. तुम्ही कुठेही राहत असलात तरी निदान दाराच्या वर आणि बाहेर पडायच्या वाटेवर डोक्यावरून केबल नेऊ नका. ती स्कर्टिंगच्या उंचीवर ठेवा, म्हणजे गळाली तरी जमिनीवरच पडेल. दिव्यासाठी चार्ज होणारा दिवा घ्या किंवा घरमालकांना सांगून इलेक्ट्रिशियनकडून नवा पॉइंट काढून घ्या. भिंतीत विजेची जुनी वायर असेल तर नेटवर्कची केबल तिच्यापासून निदान एक वीत लांब ठेवा आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

घर सोडताना काढायचे कसे, हेही आताच सांगून ठेवतो, कारण लावताना त्याचा विचार केलेला असला तरच ते जमते. ताणून काढायची पट्टी भिंतीला समांतर, खाली, अगदी सावकाश ओढायची. भिंतीपासून बाहेर ओढली की ती तुटते आणि रंगही नेते. तिचे शेपूट क्लिपेखाली झाकले जाणार नाही अशा बेताने ती आधीच लावा. फोम टेपच्या क्लिपेला हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट करा, मग मासेमारीचा दोरा किंवा दातांचा फ्लॉस तिच्यामागे घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढा. फोम मधून कापला जातो आणि भिंतीवर उरलेली साय बोटाने चोळून गोळा करता येते. पाते घालून क्लिप उचकटायला गेलात तर तिच्या मागचा रंगच आधी हाती येईल.

तुमच्या पुढच्या कामाचा क्रम मी असा लावेन. आज रात्री क्लिपांच्या पाठी तपासा, टेपची चाचणी करा, प्लास्टिकचा चौकोन चिकटवून ठेवा आणि केबल जमिनीवर पसरून टाका. उद्या भिंत कोरडी निघाली आणि रंग घट्ट धरून असेल, तर स्कर्टिंगच्या उंचीवरचा मार्ग आखून फक्त बैठका चिकटवा. परवा केबल अडकवा, तीही राउटरच्या टोकापासून सुरुवात करून, म्हणजे उरलेला झोल टेबलाकडे जाईल. भिंत ओली निघाली किंवा रंग पापुद्र्याने आला, तर खोलीचा अंदाजे आराखडा आणि चौकटी कशाच्या आहेत ते कळवा. भिंतीला हात न लावता चौकटी आणि फटींतून मार्ग कसा काढायचा ते तेव्हा पाहू.